मेकॅनिकच्या हाताला कागद कोण देणार?

ब्रिटनमध्ये गाडीचे ब्रेक कोणीही उघडू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही, कार्ड लागत नाही, आयटीआयही लागत नाही. उद्या पिनरमध्ये कोणी गाळा भाड्यानं घेतला आणि गॅरेजची पाटी लावली, तर ‘बाबा रे, तुला हे काम येतं का’ असं विचारणारा कायदा या देशात नाही. घरातल्या गॅस बॉयलरला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं. मोटरवेवर ताशी सत्तर मैलांनी धावणारी गाडी ज्या ब्रेकवर थांबते, ते ब्रेक बसवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याही रजिस्टरमध्ये असण्याची सक्ती नाही.

आणि तीच गाडी तपासायची म्हटली की हाच देश एकदम कडक होतो. एमओटी म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. १९६० साली ही तपासणी सुरू झाली ती दहा वर्षं जुन्या गाड्यांपुरती. आता इथं गाडी तीन वर्षांची झाली की पुढे दरवर्षी करावी लागते. तपासणाऱ्या टेस्टरकडे त्या वर्गाच्या गाडीचं पूर्ण ब्रिटिश लायसन्स हवं, सर्व्हिसिंग-रिपेअरिंगचा निदान चार वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा, मोटारींसाठी मान्य यादीतली तिसऱ्या पातळीची पात्रता किंवा तिच्या बरोबरीचं मूल्यमापन हवं. मग वेगळा कोर्स, मग डीव्हीएसएच्या माणसासमोर प्रत्यक्ष गाडी तपासून दाखवायची. पास झालं म्हणून सुटका नाही. दरवर्षी किमान तीन तास प्रशिक्षण, पाच वर्षांत मिळून सोळा तास, शिवाय दरवर्षी परीक्षा. बिघाड शोधणाऱ्यावर एवढी नजर, आणि तो बिघाड काढणारा कोण हे कोणी बघतच नाही.

आपल्या लोकांना सुरुवातीला ही सोय वाटते. कागद मागत नाहीत म्हणजे काम पटकन मिळतं. मिळतंही. आमच्या ओळखीतला एक गडी मिरजेत बारा वर्षं डिझेल गाड्यांचं काम करायचा. बायको नर्स, तिच्या व्हिसावर तो आला आणि पंधरा दिवसांत हॅरोतल्या एका गॅरेजात लागला. हेल्पर म्हणून. आज तो क्लच बदलतो, टायमिंग बेल्ट बदलतो, गिअरबॉक्स उतरवतो, आणि पगाराच्या चिठ्ठीवर अजून हेल्परच आहे. मिनिमम वेज, त्यावर एक पेनी नाही. मालकाला विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘तुझ्याकडे लेव्हल थ्री कुठे आहे?’ काम देताना लेव्हल थ्री आठवत नाही, पगार देताना आठवते. ‘दादा, इथं मला कामाला ठेवायला कागद लागला नाही, पण दुसरीकडे जायला लागतो,’ असं तो मला म्हणाला. आख्ख्या प्रश्नाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही.

तर मुद्दा हा आहे. ज्या धंद्यात परवाना सक्तीचा नाही, तिथं स्थानिक माणसाचं ओळखीपाळखीवर भागतं. तो इथल्या कॉलेजात शिकलेला असतो, त्याच्या जुन्या मालकाला नवा मालक ओळखत असतो. बाहेरून आलेल्याची ओळख कागदाशिवाय होत नाही. म्हणून सक्ती नसलेल्या धंद्यात खरी गरज असते ती स्थलांतरिताला, आणि तो कागद मिळवायची वाट सगळ्यात लांबची तीही त्यालाच.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, त्यामुळे तुलना डोक्यात येतेच. आमच्या साइटच्या गेटवर सीएससीएस कार्ड बघितल्याशिवाय माणूस आत सोडत नाहीत. ते कार्ड कायद्यानं सक्तीचं नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोठ्या ठेकेदारांनी ठरवलं की कार्ड नसेल तर साइटवर यायचं नाही, आणि गेल्या तीस वर्षांत तेच कायद्यासारखं झालं. त्या कार्डाबद्दल आम्ही शिव्या घालतो त्या घालतोच, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्याला काम येतं पण कागद नाही, अशा गवंड्याला किंवा सुताराला आमच्याकडे वाट आहे. मूल्यमापन करणारा माणूस साइटवर येतो, तुमचं काम बघतो, फोटो घेतो, प्रश्न विचारतो, आणि त्यावरून एनव्हीक्यू मिळते. काम सोडून दोन वर्षं वर्गात बसावं लागत नाही. निळं कार्ड हातात आलं की दुसऱ्या ठेकेदाराकडे भाव करता येतो.

हे जमतं कसं? पैशामुळे. १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यानं या देशात एकेका उद्योगासाठी प्रशिक्षण मंडळं झाली. मंडळ मालकांकडून पट्टी घ्यायचं आणि जो मालक कामगारांना शिकवेल त्याला त्यातून अनुदान द्यायचं. गाड्यांच्या धंद्यालाही असं मंडळ होतं. १९८० आणि ९० च्या दशकांत बहुतेक मंडळं मोडीत काढली गेली, त्यात तेही गेलं. बांधकामाचं मंडळ, म्हणजे सीआयटीबी, टिकलं. आजही ते पगारावर ०.३५ टक्के आणि उपठेकेदारांना दिलेल्या रकमेवर १.२५ टक्के पट्टी घेतं. गॅरेजच्या धंद्यात आता अशी वेगळी पट्टी नाही. मोठ्या कंपन्या २०१७ पासून सरकारची ॲप्रेंटिसशिप लेव्ही भरतात, पण तीन-चार माणसांच्या गॅरेजला ती लागूच होत नाही, आणि आपली माणसं असतात नेमकी अशाच गॅरेजात. मालक म्हणतो, मी शिकवीन आणि हा उद्या समोरच्याकडे जाईल. त्याचंही अगदी चूक नाही. सगळ्यांनी मिळून खर्च उचलायची व्यवस्था मोडली की प्रत्येक मालक असाच हिशेब करणार.

मग उरतं ते ऐच्छिक. इन्स्टिट्यूट ऑफ द मोटर इंडस्ट्री, म्हणजे आयएमआय, ही इथली व्यावसायिक संस्था मेकॅनिकचं मूल्यमापन करते, दर्जा देते, नोंद ठेवते. काम चांगलं आहे. पण त्याची फी आणि त्यासाठी बुडालेला दिवस कोणाच्या खिशातून जाणार, हे मालकाच्या मर्जीवर. मोठ्या कंपन्यांच्या शोरूमवाले आपल्या माणसांना शिकवतात, पण ते त्या कंपनीच्या गाड्यांपुरतं, आणि त्याची नोंद त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये. नोकरी सुटली की ते शिक्षण अर्धं तिथंच राहतं.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे तो विजेच्या गाड्यांमुळे. लंडनमध्ये १ जानेवारी २०२३ पासून नव्यानं नोंदवायची मिनीकॅब ही काही अंतर तरी धूर न सोडता चालणारी असावी लागते. २९ ऑगस्ट २०२३ ला अल्ट्रा लो एमिशन झोन सगळ्या लंडनभर पसरला. हॅरोची नगरपालिका आणखी चार पालिकांबरोबर त्याविरुद्ध हायकोर्टात गेली होती आणि हरली. त्यानंतर आमच्या भागातल्या किती कारागिरांनी जुन्या डिझेल व्हॅन विकल्या ते साइटच्या पार्किंगमध्ये बघितलं तरी कळतं. थोडक्यात, पिनर, हॅरो, वेंब्लीच्या साध्या गॅरेजात आज येणाऱ्या गाड्यांत हायब्रिड पुष्कळ. साध्या प्रियसच्या बॅटरीत दोनशेच्या आसपास व्होल्ट असतात, पूर्ण विजेच्या गाडीत चारशे, काहींत आठशे. नारिंगी केबलला चुकीच्या वेळी हात लागला तर माणूस जागेवर जातो. आमच्याकडे साइटवर विजेचं काम असेल तर लाइन बंद करून, कुलूप लावून, किल्ली खिशात ठेवून, मीटरनं तपासून मगच हात लावायचा, हा नियम आहे. गाडीलाही तोच नियम लागतो. फक्त तो सांगणारा माणूस प्रत्येक गॅरेजात असतो असं नाही.

आयएमआयनं यासाठी पातळ्या आखल्या आहेत. दुसऱ्या पातळीवर नेहमीची देखभाल, तिसऱ्यावर वीज तोडून उच्च दाबाचे भाग काढणं-बसवणं, चौथ्यावर चालू विजेच्या भागांची तपासणी. २०१९ मध्ये त्यांनी ‘टेकसेफ’ नावाची नोंदणीही सुरू केली, म्हणजे हा माणूस विजेच्या गाडीवर काम करायला तयार आहे हे ग्राहकाला बघता येतं. आणि विजेच्या गाड्यांवर काम करणाऱ्याला परवाना सक्तीचा करा, ही मागणी ही संस्था बरीच वर्षं करते आहे.

आमचं मत स्पष्ट सांगतो. परवाना यावा. विजेच्या गाड्यांसाठी तर यावाच, आणि ब्रेक, स्टिअरिंगसाठीही यावा. पण तो कसा येतो यावर आपल्या माणसांचं सगळं अवलंबून आहे. बांधकामात जे झालं ते बघा. आमच्याकडे पूर्वी फक्त अनुभवाच्या आणि मालकाच्या शिफारशीच्या जोरावर मिळालेली कार्डं होती. ती बंद करायचं ठरलं, आणि अशी सगळी कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. निर्णय तत्त्वाला धरून होता, आधी काही वर्षं मुदतही दिलेली होती. तरीही पन्नाशीतला, इंग्रजी लिहायला बिचकणारा, पंचवीस वर्षं उत्तम काम केलेला माणूस शेवटच्या क्षणी कागदासाठी धावत होता, आणि बऱ्याच जणांनी कोर्सचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. ज्यांच्या मागे युनियन होती किंवा मोठी कंपनी होती त्यांची सोय लागली. एजन्सीतून आलेल्यांची लागली नाही.

गॅरेजमध्ये हे असंच होऊ द्यायचं का? परवाना आला आणि तो मिळवायचा रस्ता फक्त कॉलेजातून गेला, तर सतरा वर्षांच्या स्थानिक मुलाला ॲप्रेंटिसशिप आहे. तीन वर्षांची, फुकट शिक्षण आणि वर पगार. बाहेरून आलेल्या पस्तिशीतल्या माणसाला मात्र सरकारी पैशातून शिकता येईल की नाही हे त्याचा व्हिसा आणि इथं राहिलेली वर्षं बघून ठरतं. त्यामुळे परवान्याआधी मूल्यमापनाची वाट बांधली पाहिजे. गॅरेजमध्ये येऊन, लिफ्टवर चढवलेल्या खऱ्या गाडीवर, कामाच्या वेळात, आणि फी मालकाकडून किंवा पट्टीतून. जे येतं ते मान्य करायचं आणि जे कमी पडतं तेवढंच शिकवायचं. मिरजेच्या त्या गड्याला इंजिन शिकवायची गरज नाही. त्याला कमी पडतं ते उच्च दाबाच्या विजेचं काम, एसीच्या गॅसचा नियम, आणि जॉब कार्ड इंग्रजीत लिहिणं. सगळं मिळून काही आठवड्यांचं काम आहे. त्यासाठी त्याला पहिलीपासून बसवणं म्हणजे वेळेची आणि माणसाची नासाडी.

एसीच्या गॅसचं सांगतो, कारण त्यात आपली माणसं फसतात. गाडीच्या एसीतला गॅस काढायला इथं कायद्यानं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे पाइप ढिला करून गॅस हवेत सोडून देतात, ते इथं गुन्हा आहे. कोर्स छोटा असतो, बहुधा एका दिवसाचा. पण मालक सांगतो आणि हेल्पर करतो, आणि उद्या तपासणी आली तर ‘हे मी त्याला सांगितलंच नव्हतं’ असं म्हणायला मालक मोकळा.

इंग्रजीचा बाऊ फार केला जातो. मेकॅनिकची मराठी ऐकली तर निम्मी इंग्रजीच असते, क्लच, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट. अडतं ते भलत्याच ठिकाणी. आपण ‘सेल्फ’ म्हणतो त्याला इथं स्टार्टर मोटर म्हणतात, ‘डिकी’ म्हटलं तर कोणाला कळत नाही, बूट म्हणावं लागतं. ‘सायलेन्सर’ला एक्झॉस्ट. आणि ‘स्टेपनी’ हा शब्द तर याच देशातून गेलेला, वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. इथले लोक तो कधीच विसरले, आपण अजून वापरतो. असे पन्नास-साठ शब्द आणि जॉब कार्डवर लिहायची वीस-पंचवीस वाक्यं, एवढी भाषा जमली की मूल्यमापनाची भीती निम्मी जाते. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, गणपती तिथं जोरात होतो. तिथं चार रविवार अशा वर्गाला खोली मिळाली तर कोणाची ना नसावी. आम्ही विचारणार आहोत.

आता एक महत्त्वाचं, कारण ‘कायदा नाही’ हे अर्धंच खरं आहे. मेकॅनिकला परवाना नाही, पण कामगार म्हणून त्याला संरक्षण आहे. १९८९ चे विजेच्या कामाचे नियम सांगतात की जिथं धोका टाळायला तांत्रिक ज्ञान लागतं, तिथं ते ज्ञान नसलेल्या माणसाला देखरेखीशिवाय कामाला लावायचं नाही. गॅरेजही कामाचीच जागा आहे, गाडीची वीजही वीजच आहे. १९९९ च्या सुरक्षा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार मालकानं सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायलाच हवं आणि ते कामाच्या वेळात द्यायला हवं. आणि १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याचं नववं कलम म्हणतं की कायद्यातल्या ठरावीक अटींप्रमाणे जे करायचं किंवा पुरवायचं, त्याचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही. म्हणून ‘हायब्रिडचा सुरक्षा कोर्स रविवारी कर आणि पैसे तुझ्या पगारातून कापतो’ असं कोणी म्हणालं तर दोन्ही गोष्टींना हरकत घ्यायला आधार आहे.

पगारातून कापण्याबद्दल आणखी. पुष्कळ ठिकाणी करारात लिहून घेतात की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ट्रेनिंगचे पैसे परत द्यायचे. आधी लेखी मान्यता घेतली नसेल तर साधारणपणे असं कापता येत नाही. मान्यता घेतलेली असली तरी, मालकानं सक्तीनं करायला लावलेल्या प्रशिक्षणाचे पैसे कापून त्या काळातला पगार मिनिमम वेजच्या खाली गेला, तर ते बेकायदा आहे. आपली बहुतेक माणसं मिनिमम वेजवरच असतात, म्हणजे त्यांच्या पगारातून कापायला जागाच नाही. हे मालकाशी भांडायच्या आधी एकास या सरकारी सल्ला संस्थेच्या फोनवर विचारून घ्या, फुकट आहे. युनाइट युनियनमध्ये मेकॅनिक आहेत, छोट्या गॅरेजमधल्यालाही सभासद होता येतं. मोठ्या कंपनीत, म्हणजे अडीचशे किंवा जास्त माणसं असतील तिथं, सव्वीस आठवडे काम झालं की प्रशिक्षणासाठी वेळ मागायचा कायदेशीर हक्क आहे. छोट्या गॅरेजला तो लागू नाही, म्हणजे पुन्हा तेच. जिथं गरज जास्त तिथं हक्क कमी.

व्हिसाची गोष्टही बदलली आहे. २२ जुलै २०२५ पासून नव्यानं स्किल्ड वर्कर व्हिसा हवा तर काम साधारणपणे पदवीच्या पातळीचं असावं लागतं. त्याखालच्या काही कामांसाठी तात्पुरत्या याद्या आहेत, पण त्यावर नव्यानं येणाऱ्याला कुटुंब आणता येत नाही. त्यामुळे यापुढे आपले मेकॅनिक इथं येतील ते बहुतेक जोडीदाराच्या व्हिसावर. त्यांना कुठंही काम करता येतं, स्पॉन्सर लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण ‘आम्ही तुझा व्हिसा करतो’ अशी मालकानं दिलेली आशा आता फार तपासून घ्यावी लागेल. व्हिसाचा सल्ला गॅरेजच्या मालकाकडून घेऊ नका, नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्या.

भारतातल्या कागदाला इथं काय किंमत, हा आम्हाला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. यूके एनिक ही संस्था परदेशी पात्रता इथल्या कुठल्या पातळीच्या बरोबरीची ते लिहून देते. त्यातून आयटीआयच्या दोन वर्षांच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेडची पातळी कळेल. पण मालकाला हवं असतं ते ‘याला काय काय येतं’, आणि ते त्या पत्रात नसतं. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये शैक्षणिक पात्रता एकमेकांच्या मान्य करायचा करार झाला, पण कारागिराच्या दाखल्याचा प्रश्न त्यातून सुटला नाही.

जर्मनीनं हे जास्त नीट केलं आहे असं आमचं मत आहे, आणि जर्मनी काही सैल देश नव्हे. तिथं स्वतःचं गॅरेज टाकायला साधारणपणे मास्टर लागतो. पण २०१२ च्या कायद्यानं परदेशी कारागिराला आपला दाखला तपासून घ्यायचा हक्क दिला. कारागिरांचं मंडळ जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना करून सांगतं की एवढं जुळतं आणि एवढं कमी आहे. ते लेखी मिळतं. कागदपत्रं पुरेशी नसतील तर काम करून दाखवायची सोय आहे. राहिलेलं शिकून घेतलं की पूर्ण मान्यता. ब्रिटनमध्ये या ‘एवढं कमी आहे’ची लेखी यादी द्यायला कोणी बांधील नाही, आणि आपला माणूस अडतो तो तिथंच.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी सुमारे दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. तो पुढे किती चालला हा वेगळा लेख होईल. पण त्यात भर होता तो भाषा शिकवण्यावर. हाताचं काम मोजून त्याची नोंद करून देणं हे तितकंच गरजेचं आहे, आणि ते आपल्याकडे व्हायला हवं, माणूस विमानात बसायच्या आधी.

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. चारशेहून जास्त सरकारी आयटीआय महाराष्ट्रात आहेत. ॲप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. वाहन क्षेत्राची कौशल्य परिषद २०११ पासून आहे, आणि आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन दाखला द्यायची योजनाही आहे. अडचण अशी की आपले बहुतेक चांगले मेकॅनिक या कशातूनही आलेले नसतात. बाराव्या-तेराव्या वर्षी वस्तादाच्या हाताखाली, आधी चहा आणणं, मग पाने पुसणं, मग दहा-अकराचा पाना कुठला हे न बघता हातात देणं. ही पद्धत पोरांच्या शाळेच्या मुळावर आली, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्यातून तयार झालेल्या हाताला काही येत नाही असं म्हणणंही खोटं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत अशा माणसाचा शब्द चालतो, कारण सगळे ओळखतात. लंडनमध्ये वस्तादाचं नाव सांगून काय उपयोग? आणि जो दाखला मिळतो त्यावर नाव, ट्रेड आणि श्रेणी. कुठल्या गाड्या, कुठली कामं, किती वर्षं, एकट्यानं की देखरेखीखाली, यातलं काही नाही. त्या योजनेत काम प्रत्यक्ष बघून अशी यादी इंग्रजीत जोडून दिली, तर तेवढ्या एका पानाचा परदेशात जाणाऱ्याला दाखल्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

याला विरोध करणारे आपल्यातही आहेत. हॅरोत, साउथॉलमध्ये गॅरेज चालवणारे बरेच जण स्वतः एकेकाळी असेच आले. ते म्हणतात, परवाना आला की खर्च वाढेल, एमओटीची कमाल फी २०१० मध्ये ठरली ती ५४.८५ पौंड, त्यावर आम्ही आणखी किती ओझी घ्यायची? त्यांचं दुखणं खरं आहे. पण स्वस्त हेल्परच्या जिवावर तो खर्च भागवणं हा त्यावरचा उपाय आम्हाला मान्य नाही. पट्टी सगळ्यांवर बसली तर शिकवणाऱ्याचं नुकसान होणार नाही, आणि हे मागण्यात गॅरेजवाले आणि कामगार एकत्र येऊ शकतात. हॅरोच्या खासदारांना लिहायचं पत्र आम्ही याच मुद्द्यावर तयार करतो आहोत.

तोवर जे इथं गॅरेजात आहेत त्यांनी आजपासून एक वही ठेवावी. तारीख, गाडी, काय बिघाड होता, काय केलं, तुमच्याबरोबर कोण होतं. ग्राहकाचं नाव-पत्ता लिहू नका. मालकाची परवानगी असेल तर कामाचे फोटो, नंबर प्लेट झाकून. कुठलंही मूल्यमापन करायला गेलात तर पहिल्यांदा असाच पुरावा विचारतात. कोर्सचं सर्टिफिकेट मालक ‘ऑफिसात ठेवतो’ म्हणाला तर त्याला प्रत द्या, मूळ तुमच्याकडे ठेवा. आणि लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथं रहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, ते बदलून मिळत नाही, प्रोव्हिजनल काढून पुन्हा लेखी आणि गाडीची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटिश लायसन्सशिवाय पासिंगचा टेस्टर होता येत नाही, आणि बारा महिने उलटल्यावर दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून बघायचीही सोय उरत नाही. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा. जे अजून गावी आहेत त्यांनी निघायच्या आधी जुन्या मालकाकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्यावं, तारखा, गाड्या आणि कामं लिहिलेलं, खाली सही-शिक्का. इथं आल्यावर फोनवरून मागितलं की ते कधी येत नाही.